आंधळ्या साहेबाची सरकी

मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या शेतकी खात्यात मी कामदार होतो. पण आमच्या घरात अजून कुणाला धड सांगता येत नाही की हा माणूस नक्की करत काय होता. कामदार म्हणजे मजूर, असं सुनेच्या माहेरच्यांना वाटलं होतं, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं. सायकल, नाहीतर बैलगाडी घ्यायची, बुलढाण्याहून निघायचं, गावच्या चावडीवर लोक जमवायचे आणि ज्यांनी जन्मभर शेती केली त्यांना शेती कशी करावी ते सांगायचं, एवढं माझं काम. लोक ऐकून घेत, चहा पाजत आणि दुसऱ्या दिवशी त्यांना करायचं तेच करत. मला त्यांचा राग यायचा. आता येत नाही, पण तेव्हा यायचा हे कबूल करायला हरकत नाही.

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून आग्रह झाला, तेव्हा किती बदल्या झाल्या, कोण साहेब कसा होता, हे सगळं मनात येऊन गेलं. त्यात कुणाला रस असेल असं वाटेना. मग मला देऊळघाटचा हसनभाई बहुरूपी आठवला. शिकलेल्या माणसांनी जे मला पुस्तकातून शिकवलं होतं ते मला खऱ्या अर्थानं समजलं ते हसनभाईच्या सोंगातून, आणि ते सोंगही दोनदा करावं लागलं. तीच हकीकत सांगतो.

आधी रोगाची ओळख. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, एक रोग येतो, त्याला मर म्हणतात. पीक चांगलं गुडघाभर वाढलेलं असतं. एके दिवशी एका झाडाची पानं पिवळी पडतात, मान टाकतात, आठवड्यात झाड वाळतं. मूळ उभं चिरून पाहिलं तर आत काळी रेघ दिसते. रोग जमिनीत राहतो, त्यामुळे ज्या वावरात एकदा शिरला तिथून तो जात नाही. त्याच्यावर फवारायला औषध नाही. पण अशा वावरातही काही झाडं टिकतात. शेजारचं मेलं, पलीकडचं मेलं, हे मात्र ठणठणीत, बोंडांनी लदलेलं. त्या झाडाच्या अंगात मरीला तोंड देण्याचं काहीतरी असतं आणि ते त्याच्या सरकीत, म्हणजे कापसातल्या बियांत, उतरतं. तीच सरकी पेरली, पुढच्या वर्षी त्यातली उरतील त्यांची पुन्हा पेरली, तर काही वर्षांत त्याच वावरात पीक उभं राहतं.

यात अडचण एकच होती. आमच्याकडे कापूस वेचला की गाडी भरून खामगावला जायची. तिथल्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, दहा गावांचा कापूस एकत्र पडायचा, सरकीचा एकच ढीग पडायचा, आणि पेरणीच्या वेळी लोक त्याच ढिगातली सरकी विकत आणायचे. म्हणजे मरीतून वाचलेल्या झाडाचं बी कुणाच्या तरी म्हशीच्या पोटात जायचं, नाहीतर निरोगी वावरात पडायचं, आणि रोगट वावरात पुन्हा तसलंच कच्चं बी यायचं. त्या उरलेल्या झाडांचा कापूस वेगळा वेचा, घरी हातचरकीवर सरकी काढा आणि तीच पेरा, एवढंच मला लोकांना सांगायचं होतं.

रोहिणखेडच्या बाजूला एक गाव आहे, तिथं मी हे सांगायला गेलो. नागपूरच्या कॉलेजात घोकलेलं सगळं मी तिथं ओतलं. म्हणालो, "निसर्ग सशक्त झाडं निवडतो आणि दुर्बळ झाडं टाकून देतो. निसर्गाची ही निवड आपण ओळखली पाहिजे."

गावचे म्हातारे पाटील भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, "कामदार सायब, हा निसर्ग कोन्या गावचा? आमच्या शिवारात तं कोनी निवडाले आला नाही."

लोक हसले. मला राग आला, पण परतताना गाडीत बसल्याबसल्या लक्षात आलं की म्हातारा अडवायला नव्हे, समजून घ्यायला विचारत होता. निवडतो म्हटलं की निवडणारा आला. त्याला डोळे आले, मर्जी आली. मी न पाहिलेल्या माणसाची खोटी साक्ष दिल्यासारखं बोलत होतो. पण दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगायचं तेही मला सुचेना.

त्याच सभेत मागे यमुनाबाई बसली होती. तिची ओळख करून द्यायला हवी, कारण या गोष्टीत खरं काही पणाला लागलं होतं ते तिचं. नवरा आधीच वारलेला. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत दोन लेकरं एका आठवड्यात गेली. राहिली ती आणि एक मुलगी. नाल्याकाठचं एकच वावर, काळं, भारी, आणि त्यातच मर शिरलेली. सभा संपल्यावर ती मला वावर दाखवायला घेऊन गेली. निम्म्याहून जास्त पीक वाळून उभं होतं. मधूनमधून पंधरा-वीस झाडं मात्र हिरवीगार.

"औंदा असं," ती म्हणाली. "पुढल्या साली बी असंच झालं तं वावर टाकून देतो अन् पोरीले घेऊन खामगावले जिनात जातो. भाऊ बोलवून राह्यला. पन तिथं एकदा गेलेली बाई वापस येत नाही, सायब."

तिला त्या झाडांची सरकी राखायला सांगितली. तिनं मान हलवली. तिला समजलं नव्हतं, हे मला तिच्या मान हलवण्यावरूनच कळलं.

हसनभाई मला बुलढाण्याच्या बाजारात भेटला. बहुरूपी लोक तुम्ही आता फारसे पाहिले नसतील. अंगावर साहेबाचा कोट, डोक्यावर टोपी, काखेत चोपडी घेऊन हा माणूस सरळ घरात शिरायचा आणि दरडावायचा, "तुमच्या मांजरीनं सरकारी दूध पेलं. वारंट हाये." घरातले आधी दचकायचे, मग हसायचे आणि सूपभर जोंधळे घालायचे. हसनभाईचं साहेबाचं सोंग इतकं हुबेहूब, की खऱ्या साहेबाला पाहून पोरं हसायची.

मी त्याला मरीची गोष्ट सांगितली. त्यानं ती दोनदा विचारून घेतली. मूळ चिरून दाखवायला लावलं. मग म्हणाला, "सोपं हाये. ज्याले तोंड नाही त्याची गोष्ट लोक आयकत नाही. मरीले तोंड द्या लागते. मी मरसायब होतो. कोट माह्यापाशी हायेच."

तिथं मी अडकलो. खात्याच्या प्रात्यक्षिकात सरकारी अंमलदाराची टिंगल होता कामा नये, अशी आम्हाला सक्त ताकीद होती. आमचे वरिष्ठ मोठे गंभीर गृहस्थ होते. ते शिंकतानासुद्धा गंभीर दिसत. मी हसनभाईला म्हणालो, साहेब नको, दुसरं काही कर. गंभीर कर.

"गंभीर म्हनजे देवी," तो म्हणाला. "तुमची मर्जी."

दसऱ्याच्या सुमारास त्यानं त्या गावात मरबाईचं सोंग केलं. हिरवं-पिवळं लुगडं, मोकळे केस, कपाळभर कुंकू. चावडीपुढे कपाशीच्या पळाट्या, म्हणजे वाळकी झाडं, जमिनीत रोवल्या होत्या. त्यांतल्या मोजक्या त्यानं खाली खुंटीला घट्ट बांधून ठेवल्या होत्या. मरबाई घुमत घुमत आली. एकेक पळाटी उपटून आडवी करत गेली. बांधलेल्या पळाटीला हात घातला, ती निघेना. पुन्हा जोर केला, निघेना. मग सोंगाच्या भरात हसनभाईनं कमरेचा करंडा काढला आणि त्या न निघालेल्या पळाट्यांना कुंकू लावलं. म्हणजे खूण केली, की ही झाडं वेगळी, ही जपा. मला ते इतकं पसंत पडलं की मी टाळी वाजवली. टाळी वाजवणारा मी एकटाच होतो. बाकीचे लोक हात जोडून उभे होते, आणि तरीही मला काही उमगलं नाही. मी खूश होऊन बुलढाण्याला आलो आणि प्रात्यक्षिक उत्तम झाल्याचा अहवाल पाठवला.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा यमुनाबाईच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक दगड दिसला, ताजा शेंदूर लावलेला. पुढे नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. वावरात ती पंधरा-वीस झाडं उभी होती. प्रत्येकाच्या बुंध्याला कुंकवाचं बोट, आणि बोंडं फुटून कापूस लोंबत होता. काही गळून मातीत मिसळला होता, कडेच्या दोन झाडांना शेळ्यांनी तोंड लावलं होतं. बाकीचा सगळा वेचा घरी गेला होता. नेमका हाच कापूस कुणी वेचला नव्हता.

"हा काऊन नाही वेचला?" मी विचारलं. रागात मी वऱ्हाडीवर येतो.

यमुनाबाईनं बुंध्यावरचं कुंकू दाखवलं. "देवीनं चावडीपुढं अशाच झाडाईले कुकू लावलं ना, मंग मी बी लावलं. देवीच्या नावानं सोडलेलं बोकड कोनी कापते काय? तसं हे. तिचं तिले ठेवलं म्हनजे पुढल्या साली बाकीच्याले हात नाही लावनार."

तिची चूक नव्हतीच. आम्ही रोगाला तोंड दिलं होतं, कपाळ दिलं होतं, कुंकू दिलं होतं. एवढं दिल्यावर माणूस पाया पडणार नाही तर काय करणार? मी तिला पुष्कळ समजावलं. ते सोंग होतं, तो देऊळघाटचा हसनभाई होता, असं सांगितलं. ते तिला माहीत होतं. सोंग हसनभाईचं असलं तरी अंगात कोण आलं ते वेगळं, असं तिचं म्हणणं पडलं. आभाळ भरून येत होतं. अवकाळी पाऊस आला असता तर तो कापूस सरकीसकट मातीत गेला असता, आणि त्याबरोबर तिचं वावरही.

त्याच आठवड्यात कामानिमित्त खामगावला गेलो होतो. तिथं एका बैठकीत एक नामांकित वकील मानमोडीच्या साथीबद्दल बोलत होते. म्हणाले, दुर्बळ होते ते गेले, निसर्गानं समाज निवडून स्वच्छ केला, हा सृष्टीचा न्यायच आहे. चार माणसांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मी त्या डोलणाऱ्या माना पाहिल्या आणि मला चावडीपुढचे जोडलेले हात आठवले. शिकलेल्यांनी त्याच दगडाला शेंदूर लावला होता, फक्त त्याला ते शास्त्र म्हणत होते. यमुनाबाईनं निदान नारळ तरी फोडला होता. मी उठून आलो आणि थेट देऊळघाट गाठलं.

हसनभाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी म्हनलो होतो ना जी. तोंड द्याचं तं हसू बी द्या लागते. नाहीतं लोक पाया पडते."

"मग तुझा साहेबच कर," मी म्हणालो. "ताकीद मी बघून घेतो."

पुढच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, यमुनाबाईच्या गावात मरसाहेब आले. कोट, टोपी, काखेत फाटकी चोपडी, आणि डोळ्यांवर चष्मा. चष्म्याच्या दोन्ही काचांवर काळा कागद चिकटवलेला. चार पावलं चालले आणि पाटलांच्या खांबावर आपटले.

"कोन हाये बे आडवा? नाव काय?" साहेबांनी खांबाला विचारलं.

लोक हसायला लागले. पाटील म्हणाले, "सायब, तुमाले दिसत नाही काय?"

"सरकारी कामाले डोये कायले लागते? मी चाखून पाह्यतो."

साहेब रोवलेल्या पळाट्यांकडे वळले. एकेकीला विचारू लागले, बापाचं नाव काय, शिफारस कुणाची. उत्तर न येताच उपटून तोंडाशी नेत आणि ढेकर देत. एक पळाटी पाटलांच्या नात्यातली निघाली, तिलाही खाल्लं. एक देवभोळी होती, गळ्यात तुळशीची माळ घातलेली, तीही गेली. लोक हसत होते, पण हळूहळू ऐकायलाही लागले होते.

पाटलांनी विचारलं, "सायब, तुमी चांगली-वाईट पाहून निवडता काय?"

"निवडाले मी काय नवरदेव हावो? मी जेवाले आलो. दाताले लागते ते खातो, नाही लागत ते राहते. राहते ते तुमचं, त्याच्याशी मले मतलब नाही."

मग बांधलेल्या पळाटीची पाळी आली. साहेबांनी ओढली, निघेना. पाय लावून ओढली आणि साहेब उताणे पडले. टोपी एकीकडे, चष्मा एकीकडे. उठून त्यांनी जबडा चाचपला. "दात मोडला," म्हणाले. दुसऱ्या बांधलेल्या पळाटीला नुसता वास घेऊन लांबून सलाम केला. कुंकू नाही, करंडा नाही. सगळं झाल्यावर साहेब चोपडी उघडून, उलटी धरून, मोठ्यानं अहवाल लिहू लागले. "या गावात कच्ची पऱ्हाटी फार होती. आमी मोठ्या मेहनतीनं, दूरदृष्टीनं, मजबूत पऱ्हाटी तयार केली. सबब आमची बढती व्हावी."

पाटील हसता हसता खोकायला लागले. माझी नजर मात्र त्या चोपडीवरच होती. इतकी वर्षं पुस्तकातलं निसर्ग निवडतो हे जे वाक्य मी भक्तीनं म्हणत होतो, ते सगळं वाक्य त्या उलट्या चोपडीत होतं. आंधळेपणानं खाऊन झाल्यावर मागाहून लिहिलेला तो अहवाल होता.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "सायब, पुढल्या साली येता काय?"

"मी येतो, नाहीतं माह्या पोराईतला ज्याचे दात पक्के असतीन तो येते," साहेब म्हणाले. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. रोगाचीही अशीच निवड होते, हे त्यानं आपलं आपण ताडलं होतं.

लोक उठायला लागले तेव्हा यमुनाबाई पुढं आली. पदर डोक्यावर, हात कमरेला. ती हसली नव्हती. चष्मा हातात घेऊन उभ्या असलेल्या साहेबाला तिनं विचारलं, "माहे दोन लेकरं गेले मानमोडीत. एक राह्यली. जे गेले ते कच्चे होते म्हनून गेले काय?"

उठलेले लोक पुन्हा खाली बसले. तो प्रश्न मला विचारला असता तर पुस्तकातलं कुठलं तरी वाक्य तोंडात आलं असतं, आणि ते मी कसंबसं गिळलं असतं.

हसनभाईनं टोपी काढली. कोटाची बटणं सोडली. मग आपल्या आवाजात म्हणाला, "बाई, कच्चे-पक्के हे सोंगातलं बोलनं. परीक्षाच नव्हती. जे आलं होतं त्याले डोये नाही, कान नाही. त्यानं तुमच्या लेकराईचं नाव बी इचारलं नसन."

"नाव नाही इचारलं?"

"नाही. त्याले नाव ठाव नाही. नाव तुमाले ठाव हाये."

ती वळली आणि निघून गेली. मला वाटलं, आपण तिला फार दुखावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात गेलो तर ती आणि तिची मुलगी त्या झाडांखाली बसून कापूस वेचत होत्या, मातीत पडलेलाही, एकेक बोंड झटकून. माझ्याकडं न पाहता ती म्हणाली, "चरकी पाटलाच्या घरून आनली. जिनात नाही पाठवत."

खात्याकडून माझा खुलासा मागवला गेला, हे सांगायलाच हवं. मी लिहिलं की सोंगातला साहेब रोगाचा होता, खात्याचा नव्हता, आणि त्याला डोळे नसल्यामुळे कोणत्याही अंमलदाराशी त्याचं साम्य संभवत नाही. आमच्या गंभीर वरिष्ठांनी ते वाचून फायलीला लावलं. ते हसले असं त्यांचा शिपाई सांगत होता, पण शिपाई मला बरं वाटावं म्हणून पुष्कळ गोष्टी सांगायचा.

पुढच्या साली यमुनाबाईच्या वावरात मर आली, पण निम्म्याहून जास्त झाडं उभी राहिली. त्याच्या पुढच्या साली आणखी. ती खामगावला गेली नाही. तिची सरकी गावात, मग आसपासच्या गावांत गेली. सरकारी फार्मवर त्या सरकीला वाणाचा एक नंबर मिळाला, तो मी आता विसरलो. गावात तिला आंधळ्या साहेबाची सरकी म्हणत. हसनभाई म्हणायचा, "माह्या जन्मात मले एवढीच एक बढती भेटली."

बदली होऊन जाण्याआधी मी यमुनाबाईच्या वावराकडे शेवटचा गेलो. पीक उत्तम होतं. पण धुऱ्यावरचा तो दगड तसाच होता, त्यावर शेंदूर ताजा, आणि त्याच्या शेजारी आता आणखी एक लहानसा दगड. माझं मन खट्टू झालं. म्हटलं, एवढं सोंग केलं, एवढी माणसं हसली, आणि शेवटी हेच.

"बाई," मी म्हणालो, "अजून साहेबाची पूजा करता?"

"सायबाची कायले करू?" ती म्हणाली. "त्याले डोये नाही, कान नाही. हे त्या दोघाईचं हाये. सायबाले नाव ठाव नाही म्हने. मले हाये ना."

मग वाकून तिनं एकेका दगडाला हात लावला आणि मला नावं सांगितली. मोठ्याचं नामदेव, धाकटीचं गोदी.